उसाशाची बारव आणि इंग्रजी पाचवीचा वर्ग

विज्ञान शिकवायचं म्हणजे वर्गात काहीतरी दाखवावं लागतं. इतिहासाच्या मास्तरांना लढाई दाखवावी लागत नाही, भूगोलाच्या मास्तरांचं नकाशावर भागतं. आम्हाला मात्र ‘हवेला दाब असतो’ एवढं म्हणून थांबता येत नाही. मुलं तोंडाकडे बघत राहतात. दाब कुठाय? दाखवा.

आणि मी नोकरीला लागले तेव्हा दाखवायला काही नव्हतं. महायुद्ध चालू होतं. पारा मिळत नव्हता. स्पिरिटचा दिवा होता पण स्पिरिट नव्हतं, रॉकेल रेशनवर. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात एक लोहचुंबक, एक तडकलेलं भिंग आणि बरणीतलं औषध उडून गेल्यामुळे तळाशी वाळून बसलेला एक विंचू, एवढाच सरंजाम. पहिल्या आठवड्यात मी तो विंचूच तीन वेगवेगळ्या धड्यांना वापरला.

गाव तिसगावच्या पुढं, कोरडवाहू मुलखातलं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांची घरं तिथं अजून नांदती आहेत. मी नगरची, मिशनच्या आवारात वाढलेली, पुण्याला राहून बी.एस्सी. झालेली. ‘सायन्सची बाई’ हे गावाला नवल होतं आणि ते नवल पाहायला सुरुवातीला लोक खिडकीशी येऊन उभे राहत. शाळा एका धान्याच्या व्यापाऱ्यानं सोडून दिलेल्या घरात भरायची. जमिनीखाली धान्य साठवायचं जुनं पेव होतं, त्यावर फळ्या टाकून मधल्या खोलीत इंग्रजी पाचवीचा वर्ग बसे. इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी. विसेक मुलं, त्यात दोन मुली.

फाल्गुन संपत आला होता. टळटळीत दुपार. मी फळ्यावर आकृती काढत होते. पाठीमागं टाकांची कुरकुर चालू होती ती एकदम थांबली. मी वळून पाहिलं तर सगळा वर्ग ओठ घट्ट मिटून बसलेला. पुढच्या ओळीतल्या कुंभाराच्या गंगूनं तर तोंडावर तळहात धरला होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे पूर्वेच्या भिंतीकडे.

मग मला ऐकू आलं. लांबून, जमिनीतून आल्यासारखा, एक उसासा. म्हाताऱ्या माणसानं अंथरुणात कूस बदलावी आणि छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडावा तसा. थांबला. पुन्हा आला.

“काय आहे हे?” मी विचारलं.

गंगूनं नुसती मान हलवली, बोलू नका म्हणून. आवाज विरला तेव्हा कुठं ती म्हणाली, “बारव हाय, बाई. उसासं टाकती. तवा बोलायचं नसतं. बोललं तर आपला आवाज घेती ती.”

संध्याकाळी हेडमास्तरांकडून मला उरलेलं कळलं. गावाबाहेर एक जुनी दगडी बारव. मी यायच्या पुष्कळ वर्षं आधी दुष्काळात तिचा गाळ काढायला गावातलेच दोन सख्खे भाऊ आले होते. दुपारी थोरला उतरला. वरून हाक मारली तेव्हा ‘आलो’ म्हणाला, पण आला नाही. धाकटा बघायला उतरला, तोही आला नाही. आकडे टाकून दोघांना वर काढलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याआधी वरून दिसले ते दोघंही भिंतीला टेकून बसलेले होते म्हणे, विसावा घेत असल्यासारखे. गावानं बारवेचं तोंड लांबरुंद फरशांनी बंद केलं. मध्ये हात जाईल एवढी एक फट राहिली. त्या वर्षापासून ती उसासे टाकू लागली.

“तुम्ही त्या वाटेला जाऊ नका,” हेडमास्तर म्हणाले. ते गणित शिकवत आणि सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता.

मी गेले नसते. शिक्षक नव्या गावात पहिलं वर्ष मान खाली घालून काढतो. पण पुढच्याच आठवड्यात हवेच्या दाबाचा धडा आला. मी नेहमीप्रमाणे हातवारे करून दाब समजावत होते, तेव्हा पिंजाऱ्याचा हुसेन उभा राहिला. त्याचा बाप घरोघरी जाऊन कापूस पिंजून द्यायचा. हुसेन म्हणाला, “बाई, आमचा बा सांगतो, सकाळचं बारवेवरनं पिंजलेला कापूस न्यायचा न्हाई. फटीत वढून घेती. आन् दुपारी त्योच कापूस भाईर फेकती.”

वर्ग हसला नाही. मीही हसले नाही. सकाळी आत, दुपारी बाहेर. माझ्या मानेवर काटा आला आणि तो भीतीचा नव्हता, किंवा नुसता भीतीचा नव्हता. सगळं कपाट धुंडाळून जे मला दाखवता येत नव्हतं ते या गावाजवळ जमिनीत उघडं पडलं होतं.

मुलांना तिथं न्यायचं तर पाटलांची परवानगी हवी. पाटलांनी मला ओट्यावर बसायला घोंगडी दिली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचा देव येगळा, मास्तरीनबाई,” ते म्हणाले. “तुमास्नी काय व्हनार न्हाई. पोरांचं काय?”

“मुलं फटीवर वाकणार नाहीत. लांबून बघतील. आणि दिवसाउजेडी.”

“दिवसाचंच तर तिचं चालतं,” पाटील म्हणाले. पण त्यांनी हो म्हटलं. का म्हटलं ते मला पुढं कळलं. त्यांनाही जाणून घ्यायचं होतं, पण पाटलानं विचारायचं कुणाला?

आम्ही पहिल्यांदा गेलो ती दुपारच होती. फरशांच्या कडेला एक लिंब होता आणि त्याच्या सावलीत एक बाई बसली होती, पन्नाशीची, सुकलेली. एक हात तिनं फरशीवर पसरून ठेवला होता, तापलेल्या दगडावर. फटीतून हवा येत होती. तिच्या कपाळावरचे केस हलत होते. भोवती कुठंही वारा नव्हता, लिंबाचं पान हलत नव्हतं.

“कोन हाय?” तिनं न वळता विचारलं.

“शाळेतली पोरं, सर्जाआजी,” गंगू म्हणाली.

“हळू बोला. धनी आत्ताच निजल्यात.”

ती थोरल्या भावाची बायको होती. धाकट्याची बायको नवरा गेल्यावर वर्षभरात वारली आणि त्यांचा तान्हा मुलगा, महादू, सर्जाबाईनं वाढवला. तेव्हापासून काम असो नसो, ती दुपारी इथं येऊन बसायची. आम्ही तिच्यापासून थोडं दूर, मुकाट्यानं उभे राहिलो. हुसेननं खिशातून कापसाचा पुंजका काढून काठीच्या टोकानं फटीशी धरला. तो सुटला आणि वर उडाला. सर्जाबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कापूस फटीनं गिळला. अलगद, घाई न करता.

यानंतर दोन महिने आमच्या वर्गानं जे केलं त्याला आजकालच्या शिक्षणखात्यात मोठमोठी नावं आहेत. आम्हाला नाव सुचलं नव्हतं. मुलांनी कामं आपापसात वाटून घेतली आणि ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं आणलं. गंगूनं वडिलांकडून बूड काढलेलं मडकं करून आणलं. ते गळा वर करून फटीवर ठेवायचं, भोवती चिखलानं लिंपायचं, बाकीच्या बारीक फटीही बुजवायच्या, म्हणजे बारवेची सगळी हवा मडक्याच्या गळ्यातून जाईल आणि येईल. सुताराच्या मुलानं गळ्यावर कामट्यांचा सांगाडा बसवला, त्यात पतंगाच्या कागदाचं भिरभिरं. हवा बाहेर आली की ते एका बाजूनं फिरे, आत गेली की उलट्या. त्यामुळे कुणाला वाकून बघायची गरज नव्हती.

मडकं बसवल्यावर एक गोष्ट झाली ती आमच्यापैकी कुणी गृहीत धरली नव्हती. पहिल्या दुपारी जो आवाज आला तो उसासा राहिला नव्हता. त्याला गळा आला होता. घोगरा, खालचा, शब्दाच्या अगदी अलीकडे येऊन थांबणारा. मुलं मागं सरकली. दोघं पळाले ते थेट शाळेत जाऊन बसले. सर्जाबाई मात्र पुढं झाली आणि म्हणाली, “आता नीट ऐकाया येतंय.”

दुसरा भाग शाळेतला. दाब मोजायला पारा नव्हता, म्हणून आम्ही एक मोठी काचेची बाटली पेवाच्या तळाशी ठेवली. तिथं ऊन-सावलीचा फरक पोचत नाही, म्हणून. बाटलीच्या तोंडाला सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घट्ट बसवली, ती वर वर्गात आणली आणि टोकाला नगरहून मागून आणलेली वाकडी काचेची नळी जोडली. नळीत गेरू कालवलेलं पाणी. बाटलीतली हवा कोंडलेली. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की तांबडं पाणी बाटलीकडे सरकायचं, कमी झाला की बाहेर यायचं. पेवात माणूस उतरण्याआधी दिवा सोडून बघतात हे त्या भागात पोराटोरांना माहीत असतं. मुलांनी तोही शिरस्ता मला न विचारता पाळला.

मागच्या भिंतीवर आम्ही दोन रेघा काढू लागलो. कोळशाची रेघ भिरभिऱ्याची, गेरूची रेघ नळीतल्या पाण्याची. पहाटे उठणारी मुलं सकाळची पाळी करायची, बाकीचे दुपारची. तपासणीला आलेल्या डेप्युटींनी भिंत पाहून विचारलं, हे तापाचे तक्ते कुणाचे? हेडमास्तरांना घाम फुटला. मागून कुणीतरी पोरगं म्हणालं, “बारवेचे, साहेब,” आणि साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

रेघा पुढं सरकत गेल्या तशा एकमेकींना धरून चालू लागल्या. सकाळी ऊन चढेपर्यंत दोन्ही वर, मग दुपार कलेपर्यंत दोन्ही खाली. गंगू एके दिवशी बराच वेळ भिंतीपुढं उभी राहिली आणि मग पायाखालच्या फळ्यांकडे बघत म्हणाली, “बाई, पेवातली बाटली म्हंजी आपली बारवच की वो. लहान.”

इतकी वर्षं शिकवलं, यापेक्षा चांगलं वाक्य वर्गात माझ्या कानी पडलं नाही. बारव कोरडी होती. तिच्या भोवतीचा खडक भेगांनी आणि पोकळ्यांनी भरलेला, आणि त्या सगळ्यांत हवा कोंडलेली, गावाच्या, शेतांच्या, आमच्या शाळेच्याही खाली. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी वाढतो आणि दुपारी उतरतो. वाढला की वरची हवा फटीतून आत रेटली जाते, उतरला की आतली बाहेर येते. मी हे समजावून सांगितलं. मला वाटलं, आता भीती जाईल.

हुसेननं विचारलं, “म्हंजी ती खरंच श्वास घेती?”

“हो. एका अर्थानं घेते.”

तोवर ती घरात सांगितलेली गोष्ट होती, आता ती भिंतीवर होती. आपल्या पायाखाली सगळीकडे काहीतरी सावकाश आत-बाहेर होत आहे, हे कळल्यावर फळ्यांवर पाय आपटणारी मुलंसुद्धा हलक्या पावलानं चालू लागली. मीही.

वैशाखात गावातल्या विहिरी तळाला गेल्या आणि पाटलांनी बारव उघडून गाळ काढायचं ठरवलं. उतरणार होता महादू. तो आता पंचविशीचा, विहिरी खोदण्याच्याच कामात तयार झालेला. सर्जाबाईनं त्याला अडवलं नाही, नुसतं दोन दिवस त्याच्याशी बोलणं सोडलं.

वर्गानं मात्र चर्चा मांडली. ते दोघे भाऊ का गेले? दुपारी उतरले म्हणून. दुपारी खडकातली जुनी हवा बाहेर येते, ती जड असते, तिच्यात दिवा जगत नाही आणि माणूसही. मग उतरायचं तर सकाळी उतरायचं, बारव ताजी हवा आत घेत असते तेव्हा. आधी कंदील सोडून बघायचा. कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. आणि नळीतलं पाणी उलटं फिरलं की लगेच वर. मुलं हे घेऊन पाटलांकडे गेली. पाटील शाळेत आले, जोडे काढून भिंतीपुढं उभे राहिले, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “तुमी म्हनाल तसं.” मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला लाज वाटत नाही. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी उजाडताच फरशा बाजूला केल्या. मडकं आणि भिरभिरं काढावंच लागलं. उघडं तोंड आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आतून ओल्या राखेसारखा वास येत होता. कंदील सोडला, तळापर्यंत गेला, ज्योत स्थिर. रॉकेल वाया जाऊ नये म्हणून तो वर ओढून विझवला. महादूनं कमरेला दोर बांधला, देवाचं नाव घेतलं आणि उतरला. सर्जाबाई लिंबाखाली पाठ करून बसली होती.

हुसेनला आम्ही शाळेत नळीपाशी बसवलं होतं. त्याला तिकडे यायचं होतं, तो हट्टाला पेटला होता, पण पाळी त्याची होती.

पाट्या भरून वर येऊ लागल्या. दर पाटीमागं खालून महादूची आरोळी, “वढा!” मी मुलांना घेऊन कडेपासून मागं उभी होते. आभाळ स्वच्छ. काही पाट्यांनंतर मला वाटलं की आरोळी जरा लांबली. “व…ढा.” दमला असेल. पुढची पाटी यायला वेळ लागला.

तेवढ्यात हुसेन येताना दिसला. चप्पल हातात घेऊन पळत होता. “बाई! पानी उलटं फिरलं! सकाळचं आत जायचं ते भाईर यायलंय, सारखं भाईर यायलंय!”

दोराशी असलेले गडी हसले. एकजण म्हणाला, “आरं, आजून न्याहारी व्हायचीय. दुपार कुटं झाली?”

मी आभाळाकडे पाहिलं. ढग नव्हता. रेघ एकही दिवस चुकली नव्हती, आज का चुकावी? गंगूनं मला विचारलं नाही. तिनं हुसेनच्या खिशातून कापूस ओढून काढला, पुढं गेली आणि हात लांब करून बारवेच्या तोंडावर सोडला.

कापूस पडला नाही. काळोखाच्या तोंडावर तरंगत राहिला. मग हळूहळू वर आला, आमच्या सगळ्यांच्या तोंडासमोरून, आणि गेला.

“वढा,” पाटील म्हणाले. मग ओरडले, “आरं वढा!”

“महादू!” मी हाक मारली. खालून उत्तर आलं. शांत, झोपाळू, घरात बसल्यासारखं.

“आलो.”

दोर ताणला तो जड लागला. तो चढत नव्हता, नुसता लोंबकळत होता. सर्जाबाई कधी उठली ते मी पाहिलं नाही. ती गड्यांच्या मध्ये घुसून दोर ओढत होती. महादू वर आला तेव्हा मान छातीवर, ओठ निळसर. पालथा केला, पाठ दाबली, पाणी मारलं, वारा घातला. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग त्याच्या छातीतून एक लांब उसासा बाहेर पडला, आणि मी खोटं कशाला बोलू, आमच्यापैकी कुणालाच क्षणभर कळेना की तो त्याचा आहे की बारवेचा.

दुपारच्या आत पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली आणि पाठोपाठ वळवाचं वादळ आलं. बाहेर काही दिसायच्या कितीतरी आधी दाब उतरला होता, आणि तो हुसेनच्या नळीनं पाहिला होता. आम्ही महादूला शाळेच्या पडवीत आणून निजवलं होतं. पत्रे वाजत होते, आत अंधारून आलं होतं. महादू आता शुद्धीवर होता आणि घोट घोट चहा पीत होता.

“खाली लई गार हुतं,” तो म्हणाला. “हात जड झालं. मंग शेजारी कुनीतरी म्हनलं, महाद्या, बस की जरा. दमलास.”

सर्जाबाई त्याच्या उशाशी होती. तिनं विचारलं, “आवाज कसा हुता?”

“घरच्या मानसासारका. मऊ.”

“बस म्हनला?”

“व्हय. भिंतीला टेक म्हनला.”

तिनं मान हलवली. “मंग त्ये आमचं धनी न्हवं. कामावर कुनाला बसूच द्यायचं न्हाईत त्ये. आन् तुजा बाप बी न्हवं. त्याला बोलायच्या आदी खोकला यायचा.”

हुसेन माझ्याकडे वळला. “मंग कोन हुतं, बाई?”

सगळी मुलं माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं: चांगली हवा मिळेनाशी झाली की डोकं चालत नाही, माणसाला भास होतात, झोप येते, आवाज ऐकू येतात. हे खरं आहे. मी तेव्हा सांगितलं तेही बरोबरच होतं आणि आजही तसंच सांगेन. मुलांनी माना डोलावल्या. वादळ थांबलं, पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी त्या पडवीतून घरी जायला कुणी पहिलं उठेना. मीही उठले नाही.

बारव पुन्हा बंद झाली. पाणी शेजारच्या गावाहून गाड्यांनी आणलं. पुढं माझी बदली झाली, आणि त्या भिंतीला दिवाळीआधी चुना लागल्याचं हेडमास्तरांनी कळवलं. मला वाईट वाटलं. एक कोपरा तरी ठेवायला हवा होता. विसेक मुलांनी दोन महिने पहाटे उठून काढलेली रेघ होती ती. नंतर मोठ्या शाळांत मला तराजू मिळाले, पाऱ्याचे वायुभारमापक मिळाले, पण तसा वर्ग मिळाला नाही.

फरशा परत बसवताना पाटील फट बुजवणार होते. सर्जाबाईनं बुजवू दिली नाही. मुलांनी तिच्या सांगण्यावरून मडकं आणि भिरभिरं परत लावलं. शाळेच्या सुटीआधीची शेवटची दुपार होती. ती नेहमीच्या जागी बसली होती. गंगू तिच्यापाशी जाऊन बसली आणि तिनं आजीला सगळं समजावलं: खडकातल्या पोकळ्या, कोंडलेली हवा, पेवातली बाटली, सकाळी आत, दुपारी बाहेर. मी मागं उभी होते. गंगूला थांबवावं असं मला वाटत होतं. या बाईकडे ती एक दुपारच काय ती उरली होती, आणि आम्ही तिला सांगत होतो की तिथं फक्त हवा आहे.

सर्जाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “सकाळी आत घेती म्हनलीस न्हवं?”

“व्हय, आजी.”

“आन् म्या इतकी वर्सं दुपारचीच आले.” ती स्वतःशीच हसल्यासारखी झाली. “माजं समदं बोलनं माज्याच तोंडावर परत आलं आसंल. त्यांच्यापातुर काईच गेलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ती आमच्या आधीच आली होती. न्हालेली, धुतलेलं लुगडं नेसलेली. भिरभिरं आतल्या बाजूनं फिरत होतं, एकसारखं, निवांत.

“आता घेती न्हवं?” तिनं गंगूला विचारलं.

“घेती, आजी.”

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घरचं माणूस दारात आल्यावर ओढतात तसा. मडक्याशी गुडघे टेकले आणि गळ्याजवळ तोंड नेलं.

“आवं,” ती म्हणाली, “महाद्या वर आला बरं का. काळजी करू नगा.” मग आवाज बदलला, करडा झाला, परक्या माणसाशी बोलावं तसा. “आन् तुमच्या शेजारी जे कोन बसलंय, त्याला सांगा. आमच्या घरातलं आता कुनी खाली यायचं न्हाई.”

आम्ही सगळे जिथल्या तिथं उभे होतो. तिचा शेवटचा शब्द संपला तरी भिरभिरं आत फिरतच होतं.